आत्याबाईंची चिंच

अख्ख्या हैदराबादेत चिंचेच्या भरवशावर म्हातारपण काढणारी बाई एकच असेल, आणि ती नेमकी माझ्या सासरी निघाली. लोक सोन्यात पैसे घालतात, जमिनीत घालतात, शेअरबाजारात घालून दिवसभर मोबाइलकडे बघत स्वतःचा रक्तदाब वाढवून घेतात. आमच्या आत्याबाई चिंचेत घालतात. फाल्गुनात नवी चिंच आली की घाऊक बाजारात जाऊन पोती निवडायची, शीतगृहात ठेवायची, आणि पावसाळा सरून बाजारातली चिंच काळी पडायला लागली की आपली लालबुंद चिंच हळूहळू बाहेर काढायची. एवढाच त्यांचा धंदा. एवढ्याशा धंद्यावर त्यांनी चिक्कडपल्लीतला दोन खोल्यांचा फ्लॅट सांभाळला, दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून घेतली, कुणापुढे हात पसरला नाही, आणि वडील गेल्यावर उघड्या पडलेल्या भाच्याचं इंजिनिअरिंगही पुरं केलं. तो भाचा म्हणजे माझा नवरा. म्हणजे हिशेब केला तर माझा संसार चिंचेवर उभा आहे. लग्नानंतर हे मी पुण्याला फोनवर आईला सांगितलं तेव्हा तिने ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "स्थळ बघताना हे काही बोलले नव्हते गं ते."

आत्याबाई माझ्या नवऱ्याच्या सख्ख्या आत्या. लग्नानंतर थोड्याच दिवसांत विधवा झाल्या, माहेरी परत आल्या, शिकल्या आणि सुलतान बाजारातल्या एका मराठी शाळेत गणित शिकवायला लागल्या. शहरातल्या निम्म्या मराठी घरांतल्या माणसांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली आहे, आणि ती माणसं आता स्वतः आजोबा झाली तरी आबिड्सच्या फूटपाथवर आत्याबाई समोरून आल्या की अजून हात पाठीमागे घेतात. निवृत्तीच्या वेळी त्यांचा फंड हातात आला तेव्हा या शिष्यांपैकीच एक विमा एजंट होऊन घरी आला. आत्याबाईंनी त्याला चहा दिला, पोहे दिले आणि मग उभं करून समजावून सांगायला लावलं. माझे पैसे घेऊन कंपनी काय करणार, ते कुठं जाणार, वाढणार ते कशानं वाढणार. तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणाला, ते सगळं कंपनी बघते. तुला कळतं का, असं आत्याबाईंनी विचारलं. तो मुळात सज्जन मुलगा. म्हणाला, बाई, खरं सांगू का, नाही कळत. आत्याबाईंनी त्याला आणखी पोहे वाढले आणि रिकाम्या हाती परत पाठवलं. बँकेच्या साहेबाची, प्लॉटवाल्याची आणि खुद्द माझ्या नवऱ्याचीही हीच गत झाली. जे आपल्याला कळत नाही त्यात आपला पैसा घालायचा नाही, हा त्यांचा एकच नियम. वर त्यात पोटकलम असं की दुसऱ्याला कळतं म्हणून आपल्याला कळतं असं धरायचं नाही.

चिंच मात्र त्यांना कळायची. उदगीरकडच्या त्यांच्या गावी घरात रीत अशी होती की रानातलं धान्य पुरुषांचं आणि बांधावरची चिंच बायकांची. जोंधळा विकून आलेल्या पैशाला बायकांनी हात लावायचा नाही, आणि चिंचेच्या पैशाचं काय केलं हे पुरुषांनी विचारायचं नाही. त्यामुळे झाडाला बहर किती, शेंग भरली कशी, कुठली आधी उतरवायची, फोडताना शिरा कशा ओढायच्या, मीठ किती लावायचं, हे सगळं आत्याबाईंनी परकर नेसायच्या वयात आईच्या शेजारी बसून शिकून घेतलं होतं. त्यांच्या शाळेची फीसुद्धा त्या चिंचेतूनच आली. वडिलांनी नको म्हटलं होतं, आईने विचारलं नव्हतं. हे सांगताना आत्याबाई हसत नसत. मी नोकरीला लागले ती गणितावर, पण शाळेत गेले ती चिंचेवर, असं म्हणत आणि पदराला हात पुसत उठत.

हा कळण्याचा नियम पैशापुरता राहिला असता तरी आम्ही सहन केलं असतं. पण बिल्डिंगला लिफ्ट बसली तेव्हा सगळे वर-खाली करायला लागले आणि आत्याबाई गुडघे धरून जिन्यानेच चढत राहिल्या. शेवटी दुरुस्तीवाला आला तेव्हा त्या त्याच्यामागून गच्चीवर गेल्या, मोटर पाहिली, दोर पाहिला, दोर तुटला तर पाळणा कुठे अडकतो ते पाहिलं, आणि खाली येताना लिफ्टने आल्या. त्यानंतर बिल्डिंगमध्ये लिफ्ट बंद पडली की लोक आधी आत्याबाईंकडे येतात. डॉक्टरने गोळी दिली तर ती पोटात जाऊन काय करते हे त्याने कागदावर काढून दाखवायचं. मोबाइलमधले पैसे संपले म्हणजे ते नेमके कुणाकडे गेले, यावर कोपऱ्यावरच्या दुकानदाराला त्यांनी इतकं परेशान केलं की बिचारा त्यांना लांबून बघूनच गिऱ्हाइकांच्या मागे लपायला लागला. हॉटेलात सांबाराची वाटी नाकाशी नेऊन त्या ताडकन सांगत, ही मागच्या सालची आहे. वेटरला वाटे सांबार मागच्या सालचं म्हणतायत, आणि तो मॅनेजरला बोलवायला पळे.

आणि बसचा प्रवास. उन्हाळ्याच्या अखेरीस चिंचा फुलावर आल्या की आत्याबाई बस पकडून शहराबाहेर जात, कामाशिवाय, नुसत्या खिडकीत बसून रस्त्याकडेची झाडं बघायला. तासन् तास. कंडक्टरने कुठं उतरायचं विचारलं की म्हणत, झाडं संपतील तिथं. एका वर्षी भाव फार खाली बसला आणि त्यांना चांगलाच फटका बसला, तेव्हाही त्यांनी बाजाराला शिव्या दिल्या नाहीत. आपणच बहर नीट पाहिला नव्हता, उन्हात डोळा लागला होता, एवढंच म्हणाल्या. रस्ते रुंद व्हायला लागले तशी ती झाडं जायला लागली. एखाद्या वळणावरची जुनी चिंच दिसली नाही की त्या दिवशी घरी येऊन त्या जेवत नसत. माणूस गेल्यासारखं कसलं करता, असं मी एकदा म्हणाले होते. त्यावर, तुला माणूस गेल्यावर तरी काय कळतंय गं, म्हणाल्या.

माझी आणि त्यांची पहिली खरी ओळखच चिंचेवरून झाली. लग्न होऊन आले, वाकून नमस्कार केला, तर साखर हातावर ठेवायच्या ऐवजी आत्याबाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि चिंचेचं बुटुक सरळ माझ्या जिभेवर ठेवलं. माझं जे काय तोंड झालं असेल ते झालं. आत्याबाई चष्मा वर करून बघत राहिल्या आणि मग जमलेल्या सगळ्या बायकांना म्हणाल्या, "हिचं तोंड लई बोलतंय बरं का. हिच्या पोटात काही लपायचं नाही." नव्या सुनेबद्दल सगळ्यांसमोर बोलायची ही काय पद्धत झाली? मी पुढे वर्षभर ते मनात धरून होते.

बाजारात मात्र त्यांची ऐट बघण्यासारखी. हातात छत्री, पायात रबरी चपला, आणि आत पाऊल टाकलं की गादीवरचे शेठ उठून उभे. "आओ टीचरम्मा, तुम्हारे वास्तेच रखा माल" असं म्हणत एकेक पोतं फोडून दाखवणार. आत्याबाई चिंच आधी दोन बोटांत दाबत, मग फाडून वास घेत, मग जिभेवर ठेवून डोळे मिटत. तेवढा वेळ कुणी बोलायचं नाही. हमालसुद्धा पाठीवरचं पोतं तसंच धरून थांबत. डोळे उघडून त्या फक्त हौ किंवा नक्को म्हणत, आणि त्या दोन शब्दांवर त्या दिवशी आजूबाजूचे आणखी चार जण आपापला सौदा करत.

माझा नवरा या सगळ्याला चिंच फंड म्हणायचा. शहराच्या पश्चिमेला काचेच्या इमारतीत त्याची नोकरी, तिथे सगळे पैशाने पैसा वाढवणारे, आणि त्यांच्यात बसून हा आमच्या घरचा चिंच फंड रंगवून सांगायचा. मग दिवस फिरले. कंपन्या माणसं कमी करायला लागल्या. आज या टीमची बातमी, उद्या त्या. मशीनच आता लिहितंय म्हणे सगळं. याने ज्या शेअरमध्ये पैसे घातले होते ते खाली आले, ते का खाली आले हे त्याला सांगता येईना, आणि ते वर का गेले होते हेही त्याला कधी कळलं नव्हतं असं त्या निमित्ताने बाहेर आलं. माघातल्या एका सोमवारी त्याला मीटिंगला बोलावलं आणि दुपारच्या जेवणाला तो घरी आला. हातात निरोपाची रक्कम आणि घरात हप्ते. पुढे नोकरी कधी मिळेल याचा भरवसा नाही, तोवर ती रक्कम कुठेतरी टिकली पाहिजे, थोडी वाढली पाहिजे, एवढीच आमची आशा होती. चार दिवस तो भिंतीकडे बघत बसला. पाचव्या दिवशी म्हणाला, चल, आत्याकडे जाऊ. आपल्या सगळ्या ओळखीत स्वतःचा पैसा कशात आहे हे कळणारं माणूस ते एकच आहे.

गेलो. आयुष्यात पहिल्यांदा तो आत्याबाईंसमोर त्या एजंटासारखा उभा राहून बोलला. थट्टा केली होती त्याची माफी मागितली आणि म्हणाला, या फाल्गुनात तुझ्याबरोबर माझेही घाल. आत्याबाई खिडकीतल्या तुळशीला पाणी घालत होत्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, नको.

त्याला वाटलं त्या रागावल्या आहेत. त्याने पुन्हा समजावलं. आत्याबाईंनी विचारलं, तुला चिंच कळती का? तो म्हणाला, मला नाही, पण तुला कळते ना. कुंडी भरून पाणी खाली गळायला लागलं तरी त्यांचा तांब्या तसाच तिरका. मग आत जाऊन त्यांनी आमच्यासाठी शेवया केल्या. आम्ही न खाता उठलो. परत येताना बसमध्ये नवऱ्याचे डोळे भरून आले होते, आणि मला आत्याबाईंचा असा काही संताप आला म्हणून सांगू. नियम म्हणजे काय देवाचा शब्द? ज्या पोराला चिंचेवर शिकवलं ते पोर बुडताना नियम सांगायचा? मी पाडव्यापर्यंत त्यांना फोन केला नाही.

पाडव्याला मात्र जावंच लागतं. आत्याबाईंकडे गुढीही उभारतात आणि शेजारच्या तेलुगू घरांसारखी उगादीची पच्चडीही करतात. कडुलिंबाची फुलं, कैरी, गूळ, मीठ, तिखट आणि नव्या चिंचेचा कोळ. पहिला चमचा आत्याबाईंचा. तो जिभेवर ठेवून त्या डोळे मिटायच्या आणि यंदाचं साल कसं जाणार ते सांगायच्या. सालाचं राहू दे, चिंचेचं तर नक्कीच सांगायच्या. या वेळी त्यांनी चमचा तोंडात घातला आणि डोळे मिटलेच नाहीत. उघड्या डोळ्यांनी त्या आमच्याकडे बघत राहिल्या, माझ्याकडे, मग नवऱ्याकडे, परत माझ्याकडे. मी चमचा तोंडात घातला मात्र आणि माझा जीव कासावीस झाला. मीठ दोनदा पडलं होतं. दोनदा म्हणजे काय, कुणीतरी मुठीने घातलं होतं. आत्याबाईंनी माझं तोंड पाहिलं, वाटी ओढून घेतली आणि काही न बोलता आत गेल्या.

मी मागोमाग गेले. ओट्याशी उभ्या राहून त्या तीच पच्चडी चमच्याने खात होत्या, एकामागून एक, पाणी प्यावं तशी. मी हात धरला तेव्हा थांबल्या. पौषात ताप आला होता, म्हणाल्या, तो गेला आणि जाताना चव घेऊन गेला. वासही. डॉक्टरने कागदावर काढून दाखवलं, येईल म्हणाला किंवा येणार नाही म्हणाला. जीभ म्हणजे नुसता पुठ्ठा झाला होता. बाजारात एकदा जाऊन आल्या होत्या, पोतं फोडलं, जिभेवर ठेवलं, सगळे श्वास धरून उभे, आणि यांना काहीच लागलं नाही. नक्को म्हणून परत आल्या. दुसऱ्या दिवशी शीतगृहात निरोप धाडला की यंदा माझी जागा दुसऱ्याला द्या.

मग त्याला सांगितलं का नाही, असं मी विचारलं. तो तिथं रडतोय, त्याला वाटतंय आत्याने तोडलं. आत्याबाई बराच वेळ हातातला चमचा धूत राहिल्या.

"सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, आत्या, अंदाजानं घे," त्या म्हणाल्या. "इतक्या वर्षांचा अंदाज आहे तुझा, असं म्हणाला असता. अन् त्याचं तोंड बघून मी घेतली असती गं. माझे पैसे असते तर एक डाव घेतलीही असती. त्याचे कसे घेऊ?"

मला रडू आलं, ते मी त्यांच्याच पदराला पुसलं. महिनाभर मी मनातल्या मनात त्या बाईला काय काय बोलले होते. बाहेर येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो आत जाऊन त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून उभा राहिला. एवढा उंच माणूस, वाकून.

जीभ माझी घ्या, असं मी म्हणाले ते काही विचार करून नव्हे. काहीतरी बोलायचं म्हणून. आत्याबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. पुण्याची जीभ, त्या म्हणाल्या, आमटीत गूळ घालून वाढलेली, तिला काय आंबट कळणार. पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावणं आलं. त्यांच्याकडे मागच्या सालांची थोडी थोडी चिंच बरण्यांत होती. कुठली चांगली, कुठली हलकी, कुठली पाणी मारून वजन वाढवलेली, हे त्यांना पाठ होतं. मला समोर बसवून त्या एकेक तुकडा द्यायला लागल्या. मी प्रत्येकीला आंबट आहे एवढंच सांगू शकत होते. दात आंबले, तोंड आलं, चहा पिववेना. शेवटी मी हात जोडले, मला यातलं काही कळत नाही आत्याबाई. त्या म्हणाल्या, तुला कोण विचारतंय? तू बोलू नको. नुसती खा.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या बरणीकडे बघतच नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या. कुठल्या चिंचेला माझा डावा डोळा बारीक होतो, कुठलीला गाल आत जातो, कुठलीला मी आधी कपाळाला आठी घालते आणि मग सोडते. शेजारणीला बोलावून त्यांनी बरण्यांची जागा बदलायला लावली, स्वतः बरण्यांकडे पाठ करून बसल्या, आणि मग माझं तोंड बघून एकेक ओळखायला लागल्या. चुकल्या की पुन्हा पहिल्यापासून. गणिताच्या बाई त्या, ताळा जमल्याशिवाय उठणार थोड्याच. ज्या दिवशी एकही चूक झाली नाही त्या दिवशी त्यांनी नवऱ्याला फोन केला.

"चिंच मला आता कळत नाही," त्या म्हणाल्या. "पण तुझ्या बायकोचं तोंड कळतंय. त्याच्यावर थोडं घालू. थोडंच आण."

बाजार अजून चालू होता. छत्री, रबरी चपला आणि मागे मी. शेठने पोतं फोडलं, आत्याबाईंनी बोटांत दाबून पाहिलं आणि तुकडा माझ्या तोंडात घातला. शेठ बघतोय, हमाल बघतायत, आणि आत्याबाई माझ्यापासून वीतभर अंतरावर चष्मा लावून उभ्या. असं कुणी आपल्या तोंडाकडे कधी बघितलेलं नसतं हो, लग्न ठरवतानासुद्धा नाही. नक्को. नक्को. हौ. शेठने मला वाकून नमस्कार केला आणि आत्याबाईंना तेलुगूत विचारलं की ही नवी टीचरम्मा का. आत्याबाई म्हणाल्या, नाही, ही माझी जीभ आहे.

शीतगृहात शेठच्याच जागेत ठेवलेला माल दिवाळीच्या पुढे निघाला. फार काही मिळालं असं नाही, पण घातलेलं परत आलं आणि वर हप्त्यांना हातभार लागला. त्याहून मोठं म्हणजे नवरा पुन्हा हसायला लागला. दर रविवारी आम्ही जेवायला तिथे. मी स्वयंपाक करायचा, पहिला घास मी घ्यायचा, आत्याबाई माझ्याकडे बघायच्या आणि मग जेवायला सुरुवात करायच्या. आज भाजी फर्मास, म्हणायच्या. आज जरा तिखट झालंय. अगदी बरोबर असायचं. एकदा आमटी करपली होती आणि त्यांना बरं वाटावं म्हणून मी छान तोंड केलं, तर पानावरून हात उचलून म्हणाल्या, उगं खोटं तोंड करू नकोस, पैसा लागलाय माझा त्याच्यावर.

या उन्हाळ्यात नवऱ्याला नोकरी लागली. पुण्यात. चांगली, आणि त्या दिवसांत चालून आलेली नोकरी सोडणं म्हणजे वेडेपणाच. तरी आम्ही दोघं ते आत्याबाईंना सांगायचं टाळत राहिलो. त्यांना बरोबर चला म्हटलं तर येणार नव्हत्या, पुण्यातली चिंच त्यांना कळत नाही. आणि सोडून जायचं तर नुसत्या त्या एकट्या मागे राहणार नव्हत्या, त्यांची चव आमच्याबरोबर निघून जाणार होती. कुणाकडून तरी त्यांना कळलंच. पुढच्या रविवारी आम्ही पोचलो तर दारातच म्हणाल्या, चव परत आली माझी. परवापासून. सकाळी चहात आलं लागलं बघ. नवरा आनंदाने ओरडलाच. मी त्यांच्याकडे बघितलं, पण मला कुणाचं तोंड वाचता येत नाही, माझं फक्त दुसऱ्याला वाचता येतं. विश्वास ठेवावासा वाटला म्हणून ठेवला. नोकरीचं सगळं तिथेच बोलून झालं, त्यांनी दिवससुद्धा सुचवला, मी त्या आनंदात स्वयंपाक केला आणि पानं घेतली.

मी अजून वाढतच होते तोवर आत्याबाईंनी आमटीचा भुरका मारला. माझी वाट न बघता, मुद्दाम. आणि म्हणाल्या, वा, आंबट कसं बराबर लागलंय.

नवऱ्याने घास घेतला, थांबला आणि माझ्याकडे बघितलं. मी बसले, वाटी तोंडाला लावली. आमटीत चिंच नव्हती. कोळ करून ठेवलेला वाडगा ओट्यावर तसाच होता, गप्पांच्या नादात घालायचा राहिला होता. नवरा घाईघाईने म्हणाला, हौ, झकास झालीये. मी मान खाली घातली, भात कालवला, चेहऱ्यावर काही म्हणजे काही येऊ द्यायचं नाही असं ठरवलं. पण माझ्या तोंडाने माझं कधी ऐकलंय? वर बघितलं तेव्हा आत्याबाईंनी चष्मा लावला होता.

"काय राहिलं?" त्यांनी विचारलं.

"चिंच," मी म्हणाले.

त्या हसल्या. खूप वेळ हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग ते पाणी थांबेना. नवरा उठून त्यांच्याजवळ जाऊन बसला. आम्ही नाही जात, म्हणाला. आत्याबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघत बोलल्या.

"चव आली म्हणाले ते खोटं. जा म्हणाले ते खरं आहे. तुम्ही इथं माझ्या जिभेसाठी बसून राहिलात तर काय होईल ते मला कळतंय गं. चांगलं कळतंय."

मग त्यांनी मला ओट्यावरचा कोळ आणायला लावला, तिघांच्या वाट्यांत घातला, आणि म्हणाल्या, आता आधी तू जेव.

आम्ही पुण्याला आलो त्याला आता काही महिने झाले. इथे आमटीत गूळ जास्त पडतो आणि माझ्या तोंडाकडे कुणी बघत नाही. आत्याबाईंना मी व्हिडिओ कॉल करून, कॅमेऱ्यासमोर घास घेऊन पाहिलं. त्यांनी बराच वेळ डोळे बारीक केले आणि मग म्हणाल्या, नको, फोनमधलं तोंड कळत नाही मला. शेजारीण डबा देते तो जेवतात. कसा असतो विचारलं तर गरम असतो म्हणतात. फाल्गुनाची तिकिटं मी आत्ताच काढून ठेवली आहेत. हे त्यांना सांगितलं तेव्हा पलीकडून आधी तांब्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या, येताना दात धड ठेव.